पुवाची किंमत

आमचे डॉक्टर जखम आधी हुंगायचे आणि मग बघायचे. सकाळच्या राउंडला मी पट्टी सोडली की ते डोळे मिटून खाली वाकायचे, नाक जखमेच्या अगदी जवळ न्यायचे आणि डोळे न उघडताच म्हणायचे, "सुकी." मग सरळ होऊन पुढच्या खाटेकडे. काही वेळा मात्र ते वाकलेलेच राहायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मग मला कळायचं. पेशंटला कळायचं. खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या त्याच्या बायकोलाही कळायचं आणि ती पदर तोंडाला लावायची.

औरंगाबादला नर्सिंग करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मोठा दुष्काळ सरला होता आणि हिंगोलीचा हा सगळा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडायचा. माझं माहेर कळमनुरीकडचं. आमच्या बौद्धवाड्यातून शिकून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे पांढरा गणवेश घालून पहिल्या दिवशी दवाखान्यात गेले ती जरा तोऱ्यातच. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझी नखं पाहिली. खिशातून नेलकटर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी हे. नमस्कार मंग."

नंतर कळलं की हे सगळ्यांच्याच वाट्याला यायचं. ते कोणाशीही बोलताना त्याच्या हातांकडे बघत. शाळेच्या हेडमास्तरांची नखं त्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसवून काढायला लावली होती. समोरचा हॉटेलवाला त्यांना चहा आणून द्यायचा तो दोन्ही हात फडक्यात गुंडाळून. ऑपरेशनच्या दिवशी तर ते सकाळपासून हाताने कशालाच शिवत नसत. दार कोपराने उघडायचे, पंखा कोपराने लावायचे. ही सवय घरीही सुटली नव्हती. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, सांगायच्या की मुलीच्या लग्नात व्याह्यांनी भेटायला हात पुढे केले, तर ह्यांचं आधी कोपर पुढं आलं.

सेनगावच्या बाजूला त्यांच्या घरची कोरडवाहू शेती होती. शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली, डॉक्टरी हैदराबादेत. पेशंटला ते "तकलीफ सांगा" म्हणायचे आणि त्याने सांगून संपवलं की "बराबर" म्हणायचे, मग तो काहीही सांगो. एकदा एका म्हाताऱ्याने तुमचं औषध बेकार आहे असं सांगितलं, त्यालाही "बराबर" म्हणाले आणि औषध बदलून दिलं.

हात मात्र फार चांगला होता त्यांचा. शहरातून दोन-तीनदा बोलावणी आली होती, गेले नाहीत. इतका चांगला हात असून आमच्या जखमा चिघळायच्या, आणि हेच त्यांना आतून पोखरत होतं.

दोष कपड्यांचा होता. हत्यारं आम्ही स्टोव्हवर उकळून घ्यायचो. पण ऑपरेशनला लागणाऱ्या चादरी, गॉज, गाऊन हे सगळं दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावं लागतं आणि ते मशीन, ऑटोक्लेव्ह, आमच्याकडे नव्हतं. जुनं होतं ते फुटून मागच्या अंगणात गंजत पडलेलं. मग आम्ही पत्र्याच्या ड्रममध्ये कपडे भरून ते एस.टी.च्या टपावर चढवायचो आणि लांबच्या मोठ्या दवाखान्यातून वाफवून परत मागवायचो. उन्हाळ्यात ते बरे यायचे. पावसाळ्यात टपावर भिजायचे, कधी भलत्याच गावाला उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. कपडा ओला झाला की तो निर्जंतुक राहिला नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि मलाही. पण आतडं अडकलेला माणूस दारात तळमळत असताना, कपडे ओले आहेत, पाऊस उघडल्यावर या, असं कोणी सांगावं?

मशीनची मागणी डॉक्टर सतत करत आले होते. मी लागले त्या वर्षी जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी पुन्हा विषय काढला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की गेल्या वर्षात जखमेत पू होऊन कोणी दगावलं का. डॉक्टर म्हणाले, न्हाई. साहेबांनी हात पसरले. मशीनं थोडी, मागणारे तालुके पुष्कळ. जिथं माणसं मरतात तिथं आधी द्यावं लागतं, तुमच्याकडे तर देवाच्या दयेने सगळे जगलेत.

साहेबांची जीप गेल्यावर डॉक्टर बराच वेळ ओट्यावर बसून होते. चहावर साय धरली. मी कप उचलायला गेले तेव्हा म्हणाले, "सिस्टर, मेल्याची नोंद होते. जगून बुडाला त्याची कुटंच होत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बुडालेल्यांना विचारायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस त्यात काही हाती लागलं नाही. जखम चिघळलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, तुझं नुकसान किती झालं? आणि प्रत्येक जण सांगायचा, "लई झालं, साहेब." त्या "लई"चं काय करायचं ते डॉक्टरांना कळेना. शिवाय कोणी ऑपरेशनच्या आधीपासूनच खाटेवर, कोणाच्या घरात दुसरंच आजारपण. पुवाने किती नेलं आणि बाकीच्याने किती, हे वेगळं कसं काढायचं?

एका बाजाराच्या दिवशी ते दवाखान्यात आले तेच खुशीत. गुरांच्या बाजारातून येत होते. म्हणाले, बैल घेणारा माणूस बैलाशेजारी दुसरा बैल उभा करून बघतो, तसं आपण करू. एकच गाव, एकच काम, एकच ऑपरेशन. एकाची जखम सुकली, एकाची चिघळली. दोघांना शेजारी उभं करायचं. पहिल्याला जे लागलं ते ऑपरेशनचं. दुसऱ्याला त्याच्यावर जे लागलं ते पुवाचं.

"बराबर?" त्यांनी मला विचारलं. मी पहिल्यांदाच त्यांना "बराबर" म्हणाले.

तेव्हापासून त्यांना जोड्या लावण्याचा नादच लागला. सगळ्यात पहिली जोडी कापसाच्या मार्केटातल्या दोन हमालांची. चाँद पाशा आणि मारोती. दोघेही एकाच टोळीत, दोघांनाही गठाण उचलून हर्निया झालेला, दोघांचंही ऑपरेशन आमच्याकडेच. चाँदचं उन्हाळ्यात झालं, जखम सुकली, काही दिवस घरी बसून तो पुन्हा कामाला लागला. मारोतीचं भर पावसात झालं. त्याची जखम महिनोन् महिने वाहत राहिली, आणि भरली तरी जागा कमजोर ती कमजोरच.

डॉक्टर मारोतीच्या घरी जमिनीवर मांडी घालून बसले आणि असं काही विचारू लागले की मारोतीला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. तू दवाखान्यात होतास तेव्हा घरी पाणी कोण भरत होतं? तुझी बायको तुझ्यापाशी बसली, मग तिच्या खुरपणीला कोण गेलं? लेकरांना बघायला सासू आली, ती आपल्या गावी काय काम सोडून आली? शेळी विकली ती गाभण होती का? हेच सगळं मग चाँदच्या घरी. चाँदची बायको हसून हसून बेजार झाली. डॉक्टर मात्र एकेक गोष्ट ज्वारीत उतरवत होते, कारण रुपयाचा भाव दर हंगामाला बदलायचा, आणि एक पोतं ज्वारी म्हणजे घर किती दिवस चालतं हे कोणालाही सांगावं लागत नव्हतं.

रविवारी आम्ही एस.टी.ने गावोगाव जायचो. मला न्यायचं कारण त्यांनी सरळ सांगितलं होतं. "बाया माझ्याशी बोलत न्हाईत. तुमी चुलीपाशी बसा." लोकांनी बोलू नये म्हणून काकूही सोबत यायच्या. पुढे त्यांना त्याचा कंटाळा आला आणि बोलणाऱ्यांनाही आला.

काही घरांत सगळ्यांना कपबशीतून चहा यायचा आणि मला कान तुटलेल्या वेगळ्या कपातून. मला त्याची सवय होती. डॉक्टरांनी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते पेशंटशी बैलांविषयी बोलत होते. बोलणं न थांबवता त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला, आपला माझ्याकडे सरकवला आणि तुटक्या कपातला चहा फुर्र करून प्यायले. घरधनी खाली बघत राहिला. पुढे जिथं जिथं असं झालं तिथं त्यांनी तेच केलं. त्याबद्दल माझ्याशी किंवा आणखी कोणाशी एक शब्दही ते कधी बोलले नाहीत.

साखरा गावाला आम्ही किसनच्या घरी गेलो. किसन सालगडी होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका मालकाकडे शेतात राबणारा. ही बोली पाडव्याला होते. किसनचं ऑपरेशन पाडव्याच्या आधी, अवकाळी पावसाच्या आठवड्यात झालं. जखम पाडव्याच्या दिवशी वाहतच होती. मालकाने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरा गडी ठेवला. किसनचं अख्खं साल गेलं. जोडीतला त्याच गावचा दुसरा गडी सुक्या जखमेने घरी आला होता आणि पाडव्याला बोलीसाठी उभा होता.

डॉक्टर किसनशी अंगणात बोलत बसले. मी आत गयाबाईपाशी, म्हणजे किसनच्या बायकोपाशी. ती भाकरी थापत होती. सगळं सांगून झालं, शेळ्यांचं, थोरल्या पोरीची शाळा सुटली त्याचं. मग ती उठायला गेली आणि तिने एका हाताने पोट दाबून धरलं. मी विचारलं, काय दुखतंय? तिने दाराकडे बघितलं आणि लुगडं जरा बाजूला केलं. बेंबीपाशी मुठीएवढा फुगा होता. धाकट्या लेकराच्या वेळेपासूनचा.

"हे बी तुमच्याच दवाखान्याचं दुखनं हाये की, बाई," ती म्हणाली. "कमरेला कापसाचं फडकं बांधता येत न्हाई. कापूस येचायला जाणं बंद झालं."

मी म्हणाले की ह्याचं साधं ऑपरेशन आहे, दवाखान्यात ये. ती पुन्हा परातीपाशी बसली. "यांचं बघितलं न्हवं म्या. दोघं बी पडलो तर लेकरायला कोण बघंल?" आणि मग म्हणाली की तीच काय, गावात आणखी बाया आहेत, कोणाची गाठ आहे, कोणाचं अंग बाहेर येतं. किसनला पाहिल्यापासून त्यांच्यातली एकही दवाखान्याचं नाव काढत नाही.

परतीच्या एस.टी.त मी हे डॉक्टरांना सांगितलं. गाडी खड्ड्यातून उसळली की त्यांचा हात पोटाखाली पट्ट्यावर जायचा. मला वाटलं, वय झालं. गाव आलं तेव्हा ते म्हणाले, "जो आलाच न्हाई त्याची जोडी कुटून आणू, सिस्टर? त्याला कोणापाशी उभा करू?"

पुढचे रविवारही आम्ही आलेल्यांच्याच जोड्या लावत राहिलो.

माघात मोठे साहेब पुन्हा तपासणीला येणार असं कळलं. डॉक्टरांनी सगळ्या जोड्यांना निरोप धाडले. कोणी यायला तयार नव्हतं. साहेबापुढं उभं राहायचं, वर आपलंच नुकसान सांगायचं, उद्या औषध बंद केलं तर? डॉक्टर प्रत्येकाच्या घरी गेले. शेवटी सगळे आले. ओट्यावर, अंगणात, लिंबाच्या सावलीत माणसं बसली. किसनसोबत गयाबाई होती, कडेवर लेकरू.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या नखांकडे पाहिलं नाही. ते किती घाबरलेत हे मला त्यावरूनच कळलं.

पण बोलायला लागल्यावर भीती गेली. त्यांनी चाँद आणि मारोतीला शेजारी उभं केलं. आधी चाँदने सांगितलं, मग मारोतीने. मारोतीला बोलताना दम लागायला लागला तेव्हा चाँदनेच त्याचं पुढचं सांगून टाकलं. "साब, ये मेरेसे ज्यादा उठाता था. अब टोली में इसकी जगा पे दुसरा आदमी है." मग दुसरी जोडी, तिसरी. एक सुका, एक चिघळलेला. डॉक्टर प्रत्येक वेळी दोघांतला फरक ज्वारीच्या पोत्यांत सांगायचे. साहेबांच्या सोबतच्या क्लार्कने आपणहोऊन बेरीज करायला घेतली होती. शेवटच्या जोडीनंतर त्याने मशीनची किंमत ज्वारीत काढली आणि साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांनी त्याला पुन्हा मोजायला सांगितलं. त्याने मोजलं आणि तेच सांगितलं. एवढ्या थोड्या घरांनी मिळून मशीनची किंमत भरून टाकली होती, मशीन न घेता.

मग साहेबांनी खरी अडचण सांगितली. म्हणाले, "डॉक्टर, सगळं पटलं. पण हे सरकारचं गेलेलं नाही. यांचं गेलंय. मी वर काय सांगू?"

डॉक्टर सांगू लागले की खाट अडकते, सुया, पेनिसिलिन, पट्ट्या जास्त जातात, ते सरकारचंच आहे. पण त्यांचा आवाज उतरला होता. सरकारचा हिस्सा लोकांच्या मानाने लहान होता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात गयाबाई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने लेकरू किसनच्या मांडीवर दिलं आणि पुढे आली.

"साहेब, दवाखाना सरकारचा हाये न्हवं?"

साहेब म्हणाले, हो.

"मला दुखनं हाये. म्या येत न्हाई. आमच्या साखऱ्याच्या बाया येत न्हाईत. मंग हा दवाखाना बांधला कोणासाठी?"

साहेबांनी तिला समजावलं की डॉक्टर नामांकित आहेत, घाबरू नकोस. ती साहेबांकडून वळून डॉक्टरांकडे बघायला लागली. आवाज चढवला नाही, पण सगळं अंगण ऐकत होतं.

"तुमी सांगा, डाक्टरसाहेब. तुमच्या घरचं माणूस तितं निजवाल का?"

डॉक्टरांनी शर्टाच्या खालच्या गुंड्या काढल्या. सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, माझ्यासमोर. पोटाखाली चामड्याचा रुंद पट्टा होता, हर्निया आत दाबून धरायला बांधतात तो. घामाने काळा पडलेला.

"मी सोताच निजलो न्हाई, माय," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. दुसऱ्या गावाला जाऊन करून घेतलं असतं, दोस्त हायेत तितं. पर मंग तुमाला कोणत्या तोंडानं इतं निजवू?" मग साहेबांकडे वळून म्हणाले, "जे येत न्हाईत त्यायची जोडी सापडत न्हवती मला. आता मला धरा त्यायच्यात."

लिंबाखालचं एक पोरगं हसलं, त्याला त्याच्या आईने दाबलं. साहेबांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि जुनं मशीन कुठं आहे ते दाखवा म्हणाले. मागच्या अंगणात त्या गंजलेल्या पिंपाभोवती ते एक चक्कर मारून आले. भाषण नाही, आश्वासन नाही. जीपमध्ये बसता बसता एवढंच म्हणाले, "पावसाळ्याच्या आत."

आणि ते खरंच आलं! रोहिण्या निघाल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं, आणि मार्केटच्या रस्त्याने ट्रक आला. तो रिकामा करायला आम्ही माणसं शोधणार तोवर हमालांची सगळी टोळी हजर. चाँद पाशाने मजुरीचं नाव काढू दिलं नाही. मारोतीला उचलता येत नव्हतं, तो ट्रकच्या टपावर चढून बसला आणि वरून ताल द्यायला लागला. डॉक्टरांनी मध्येच सगळ्यांना थांबवलं. हात धुतल्याशिवाय मशीनला शिवायचं नाही. एवढे गडी, उन्हात रांगेने साबण लावतायत आणि डॉक्टर एकेकाची नखं बघतायत. त्या दिवशी त्यांनी किती नेलकटरं संपवली देव जाणे. संध्याकाळी मशीनने पहिली वाफ धरली. काटा चढला, शिट्टी वाजली, आणि बाहेर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रम उघडला तेव्हा आतले कपडे गरम आणि खडखडीत कोरडे होते. मी एक चादर गालाला लावली. डॉक्टर ओरडले, "सिस्टर! आता ती पुन्यांदा वाफवा."

मशीन आलं म्हणून लोक लगेच आले असं मात्र झालं नाही. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी पहिला पाऊस पडेपर्यंत मुद्दाम वाट पाहिली. मग नांदेडहून आपल्या हैदराबादच्या जुन्या मित्राला बोलावून घेतलं आणि आमच्या टेबलावर स्वतः झोपले. काकूंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की कपडे नीट वाफवलेत ना. मी हो म्हणाले आणि जाऊन ड्रमची झाकणं पुन्हा एकदा तपासून आले.

कमरेखालची भूल दिली होती, म्हणजे माणूस जागा. डॉक्टर छताकडे बघत सगळ्यांना सूचना देत होते. तो चिमटा नको, टाका जरा सैल, सिस्टरचं कोपर चादरीला लागलं का बघा. मित्राने शेवटी हात थांबवला आणि म्हणाला, "आज तू पेशंट हायेस. गप पड." डॉक्टर म्हणाले, "बराबर," आणि खरंच गप्प झाले. ते गप्प झाले तेव्हाच आम्हाला भीती वाटली.

जखम पहिल्या दिवसापासून कोरडी राहिली. टाके काढायच्या दिवशी ओट्यावर गर्दी. मारोती होता, चाँद होता, हॉटेलवाला होता. साखऱ्याहून गयाबाई आली होती, किसनसोबत. डॉक्टर धोतर नेसून बाहेर आले. पायजमा टाक्यांना लागतो म्हणून काकूंनी सासऱ्यांचं जुनं धोतर काढून दिलं होतं. त्यांनी ते जरा खाली सरकवून सगळ्यांना जखम दाखवली. एक बारीक रेघ होती, बस्स. गयाबाई सगळ्यात शेवटी आली. ती वाकली, निरखून पाहिलं, बोट लावू का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी तिची नखं पाहिली आणि हो म्हणाले. तिने जपून बोट लावलं.

"मंग माझी बारी कवा?" तिने विचारलं.

श्रावणात, झड लागलेली असताना, तिचं ऑपरेशन झालं. तिच्यानंतर साखऱ्याच्या आणखी बाया आल्या. एकीने दुसरीला आणलं, दुसरीने आपल्या जावेला. त्या पावसाळ्यात चिघळलेल्या पेशंटसाठी वेगळी ठेवलेली खोली रिकामी पडली. डॉक्टर रोज सकाळी तिथं जाऊन रिकाम्या खाटा बघून यायचे. पोळ्याच्या सुमाराला त्यांनी खोली चुन्याने रंगवून घेतली आणि ती बाळंतिणींना दिली. त्या वर्षीच्या पाडव्याला किसनची दुसऱ्या मालकाकडे बोली झाली होती, तीही जास्त ज्वारीवर, असंही त्याने येऊन सांगितलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डॉक्टर म्हणाले, चला, गयाबाईची जोडी लावून येऊ. किसनची जखम चिघळली, तिची सुकली. घर तेच, चूल तीच. यापेक्षा चांगली जोडी कुठं मिळणार? आम्ही साखऱ्याला गेलो. घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, शेतात आहे. बांधाबांधाने तिकडे गेलो. पांढरंशुभ्र रान, बोंडं फुटून खाली लोंबत होती. बायांची एक ओळच्या ओळ कापूस वेचत पुढे सरकत होती. त्यात गयाबाई सगळ्यांच्या पुढे. कमरेला फडकं घट्ट बांधलेलं, कापसाने फुगलेलं, दोन्ही हात झाडावर सारखे चालू.

डॉक्टरांनी बांधावरून हाक मारली. काही विचारायचं होतं म्हणाले. तू दवाखान्यात होतीस तेव्हा घरी कोण होतं, किती दिवस...

तिने मान वर केली, आमच्याकडे बघून हसली, पण हात थांबले नाहीत.

"आता येळ न्हाई, साहेब," ती म्हणाली. "येचणी चालू हाये."